मोज्यातला केस

धाकट्याच्या जन्मानंतर तिची दुकानातली नोकरी सुटली. मोठी तीन वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. दोघांना सोडून जायचं तरी कुठे? म्हणून गळालेले केस गोळा करत फिरणाऱ्या केसवाल्याने देऊ केलेलं काम तिने हसत घेतलं. घरबसल्या, सवडीने.

काम म्हणजे गुंतवळ. पार्लरांतून, घरोघरच्या कंगव्यांतून जमवलेले केसांचे गोळे. ते सुईने सोडवायचे, लांबीप्रमाणे लावायचे, जुड्या बांधायच्या. पुढे त्यांचे टोप होतात. पोतं उघडलं की जुन्या तेलाचा, कोंड्याचा खवट भपकारा यायचा. आठवड्याभरात केस घरभर झाले. उशीवर, साबणाला, पोरीच्या दातांत. नवरा ताटातला केस चिमटीत धरून म्हणायचा, "हा कुणाचा? आपल्या ओळखीतला दिसत नाही." आधी ती हसायची. मग तिला घास उतरेना.

धाकटा रांगायला लागला. पायांना केस चिकटू नयेत म्हणून तिने त्याला जाड मोजे चढवले.

त्या दिवशी तो सकाळपासून रडत होता. दात येत असतील, असं म्हणून तिने त्याला मांडीवर घेतलं आणि हातातली जुडी पुरी केली. दुपारी मोजा काढला. पायाची करंगळी जांभळी, टपोरी झाली होती. मुळाशी एक केस आवळून कातडीत रुतला होता. धुताना मोज्यात शिरला असणार.

तिने त्याला खिडकीशी नेलं. मोठीला पाय धरायला लावला. कामाचीच सुई घेऊन केस उचलला, सोडवला. बोट हळूहळू लाल झालं. बाळ हुंदके देत झोपलं.

मग तिच्या ध्यानात आलं. केस तिने तोडला नव्हता. तोडला की वाया जातो. पोर किंचाळत असताना तिने एकेक वेढा उलगडला होता, आणि तो अख्खा केस लांब केसांच्या जुडीत नेऊन ठेवला होता.

तिने ती जुडी परत पोत्यात कोंबली.

संध्याकाळी केसवाला आला तेव्हा पोतं दाराबाहेर होतं.

"ताई, पोरं सांभाळून करायचं काम दुसरं कुठे मिळणार?"

"नाही मिळणार. घेऊन जा."

त्याने पोतं पलीकडे ओढत नेलं. समोरचं दार वाजवलं. शेजारीण तान्ह्याला कडेवर घेऊन आली. महिनाभर ती या कामासाठी त्याच्या मागे लागली होती.

तिने शेजारणीला बाळाची करंगळी दाखवली. सगळं सांगितलं, जुडीचंसुद्धा. शेजारणीने नीट ऐकून घेतलं.

"मी लक्ष ठेवीन गं," ती म्हणाली, आणि पायाने पोतं आत ढकललं.