मोठ्या बाईंचा जुडगा

खुळखुळा बाई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते मुलांनी ठेवलं आणि बाईंनी दागिन्यासारखं मिरवलं. शाळेनं त्यांना संगीताचा तास दिला होता, वाद्य मात्र एकही नाही. दुसरं कुणी कपाळाला हात लावून बसलं असतं. बाईंनी बाटल्यांत वाटाणे भरले, बादल्या पालथ्या घातल्या आणि फळ्यावर खुणा काढल्या. टिंब म्हणजे टिचकी, नागमोडी रेघ म्हणजे बाक ओढणं, रिकामा गोल म्हणजे चिडीचूप. एकानं खडूनं खूण दाखवायची, बाकीच्यांनी वाजवायचं. झालं गाणं!

यंदाचं गाणं मुलांनीच रचलेलं, 'शाळा सुटते'. शेवटी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, कुलूप लावायला निघतात, म्हणून फळ्यावर किल्ल्यांचा जुडगा काढला होता. पण तो आवाज काही केल्या जमेना. चमचे वाजवून झाले, सायकलची साखळी हलवून झाली.

"छे! ह्या आपल्या मोठ्या बाई वाटतच नाहीत."

"मग जा, जुडगा मागून आणा," असं बाई म्हणाल्या की सगळा वर्ग गार.

मोठ्या बाईंनी बजावलंच होतं, "गणिताच्या गुरुजींची आणखी एक तक्रार आली, तर तुमचा तास त्यांना देईन." तेव्हापासून बाईंना धड घास उतरत नव्हता. पण वर्गात पाऊल टाकलं की त्या हे साफ विसरायच्या, त्याला कोण काय करणार!

त्या दुपारी बाकं अशी ओढली गेली, की भिंतीपलीकडे गुरुजींचे पाढे बुडाले. लगेच व्हरांड्यात आवाज आला. छन्... छन्...

खडू होता चिमणीच्या हातात. वर्गातली सगळ्यात बुटकी पोर ही. ती रिकाम्या गोलावर थांबली ती थांबलीच. सगळे चिडीचूप. मोठ्या बाई दारात उभ्या राहिल्या.

"काय चाललंय हे?"

चिमणीनं खडू फळ्यावरच्या जुडग्यावर टेकवला आणि दुसऱ्या हाताचं बोट थेट मोठ्या बाईंच्या कमरेकडे रोखलं. खुळखुळा बाईंनी डोळेच मिटून घेतले. गेला तास!

मोठ्या बाईंनी फळ्यावरचा जुडगा पाहिला. शेजारी खडूनं रेखाटलेला आपला चष्माही पाहिला. मग त्यांचा हात कमरेकडे गेला.

छन्न्न!

वर्गाला नुसतं उधाण आलं. बादल्या, बाटल्या, बाकं, सगळं एकदम! बाई तर टुणटुण उड्याच मारू लागल्या.

गुरुजी धापा टाकत आले. "ऐकलंत ना आता? मग तास माझा ना?"

"थांबा हो जरा," जुडगा सरसावत मोठ्या बाई म्हणाल्या. "माझं उशिरा वाजलं. मुलांनो, पहिल्यापासून घ्या!"