गॅरेजच्या भिंतीवरची नावं

शरणपूर रोडवरचा माझा स्कूटर मेकॅनिक नटबोल्टांशीही अहो-जाहो करतो. ‘‘या, बसा जरा,’’ म्हणत नट आवळतो. त्याच्या भिंतीवर खडूने दहा-बारा नावं लिहिलेली असतात. ती रखडलेल्या गाड्यांची यादी, हे मी माझ्या हुशारीने केव्हाच ओळखलं होतं. परवा तिथे बायकोचं नाव दिसलं आणि मी तडकलो, ‘‘अहो, गाडी माझी आहे! हिचं नाव कशाला?’’

‘‘ती गाड्यांची यादी नाही, साहेब. वहिनींचा गाठीचा रिपोर्ट यायचाय म्हणालात ना? दुकान उघडलं की प्रभूपुढे सगळ्यांची नावं घेतो.’’

मी ओशाळून सर्वांत वरच्या, पुसट नावाबद्दल विचारलं.

‘‘मुलगी माझी. वर्षभर डायलिसिस चालू आहे. एकटीचं नाव घेतलं की रडू फुटतं. सगळ्यांसोबत घेतलं की धीर येतो.’’

हिचा रिपोर्ट चांगला आला. त्याने फडक्याने हिचं नाव पुसलं, ‘‘प्रभूची स्तुती असो’’ म्हणाला आणि कार्बोरेटर उघडला. वरचं नाव तसंच होतं.

देवापुढे दिवा लावायला ही मला घरी तीनदा हाका मारायची. हल्ली मी आपणहून उठतो. ते वरचं नाव घ्यायचं असतं.