रंगुबाईची वेगळी चूल

चूल घालावी तर रंगुबाईनं, असं पाथर्डीकडच्या त्या गावात सगळ्या बाया म्हणायच्या. काळी माती, भुसा आणि शेण ती असं काही एकजीव मळायची, की तिच्या हातच्या चुलीला कधी तडा जायचा नाही आणि धूर बाईच्या डोळ्यांत जायचा नाही. म्हणून बहात्तर साली तिचा लेक बन्सी जेव्हा म्हणाला, "आये, गोठ्यात एक चूल घाल," तेव्हा का, कशाला हे विचारायच्या आधीच म्हातारी माती भिजवायला बसली. स्वतःला घराबाहेर काढायचं काम इतक्या हौसेनं कुणी केलं नसेल.

दुष्काळानं गाव वाळून गेलं होतं. बैल छावणीला गेल्यामुळं गोठा मोकळाच होता. बन्सी आणि त्याची बायको मालन पाझर तलावाच्या कामावर माती वाहत होती. अशात गावात दवंडी झाली. ज्या म्हाताऱ्यांच्यानं काम होत नाही आणि ज्यांना कमावतं कुणी नाही, त्यांना सरकार दर महिन्याला चावडीवर रोख पैसे देणार होतं. रंगुबाईच्यानं काम होत नव्हतं हे खरंच होतं. सत्तरी उलटलेली, गुडघे गेलेले. कमावतं कुणी नाही हे तेवढं खोटं होतं, आणि ते खरं करून दाखवायचं घरात ठरलं.

"चार दिसांचा तर खेळ हाय," बन्सी म्हणाला. "साहेब बघून गेला, की ये परत घरात."

कोरी चूल साहेबाच्या नजरेत आली असती, म्हणून मालननं दोन दिवस गोवऱ्या पेटवून ती काळी केली. एक तवा, एक गाडगं, एक जर्मनची ताटली गोठ्यात नेऊन ठेवली. संसार मांडायला एवढं पुष्कळ झालं.

साहेब आला. त्यानं विचारलं, "आजी, मुलगा सांभाळत नाही तुम्हाला?"

रंगुबाईची जीभ उचलेना. जिवंत लेकाबद्दल असं अभद्र बोलायचं कसं? तिनं बन्सीकडं पाहिलं. तोच पुढं झाला. "दोन वर्सं झाली साहेब, तिचं तिचं हाय. तिचा आमचा काय बी संबंद न्हाई." कामावर हजेरी द्यावी तितक्या सहज तो हे बोलला. साहेबानं राखेला हात लावून पाहिला, राख कोमट होती, आणि त्यानं नाव लिहून घेतलं.

पहिल्या खेपेला अंगठा उठवून नोटा हातात आल्या, तेव्हा म्हातारी गांगरून गेली. उभ्या जन्मात तिच्या हातात पैसे असे कधी आलेच नव्हते. ते पदराच्या गाठीला बांधून ती घराकडं निघाली आणि वाटेत तिनं मनातल्या मनात नातवंडांसाठी गूळही घेऊन टाकला. चावडीपासून घरापर्यंत रंगुबाई श्रीमंत होती. दारात मालन हात पसरून उभीच होती.

चार दिवसांचा महिना झाला, एकाचे कैक महिने झाले. म्हातारी ताटली घेऊन घरात आली, की मालन दबक्या आवाजात म्हणायची, "आत्या, कुनी अर्ज केला म्हंजी? नाव कापतील." ते पटण्यासारखं होतं. रंगुबाई गुमान परत फिरायची. रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीचं पीठ आधी रोज यायचं, मग एक दिवसाआड, मग आठवण झाली तर. मालनच्या अंगावर मात्र नवं लुगडं आलं. धाकट्या नातवाचं जावळ काढलं त्या दिवशी मटणाचा वास गोठ्यात भरून राहिला होता. म्हातारी ताटली पुढ्यात घेऊन वाट बघत बसली. मालन आली ती रिकाम्या हातानं. "तलाठी भाऊसाहेब जेवाया बसल्यात. तुमी भाईर दिसू नका."

तलाठ्याला सगळं ठाऊक होतं. गावालाही ठाऊक होतं. मेलं कुणी बोलत नव्हतं इतकंच.

त्या रात्री उपाशी पडल्या पडल्या रंगुबाईला उमगलं, की सगळं या पैशापायी अडलंय. पैसा गेला, की घराचं दार उघडंल. उजाडताच ती गुडघे धरत चावडीवर गेली.

"भाऊसाहेब, माझं नाव काढा. मला लेक हाय. चांगला कमावता हाय."

तलाठ्यानं हातातली लेखणी खाली ठेवली. "आजी, या यादीत नाव यावं म्हणून लोक माझे पाय धरतात."

"मला घरात जेवायचंय," म्हातारी म्हणाली.

त्यानं अर्ज लिहिला, तिनं अंगठा उठवला. दिवस कलला तशी ती ताटली घासून घरात गेली आणि मालनच्या चुलीपुढं मांडी घालून बसली. काय केलं ते तिनं हसत हसत सांगितलं. मालनचा हात भाकरीवरच थांबला.

बन्सी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं शांतपणे विचारलं, "मंग आता तू खानार काय?"

"तुमच्यात खाईन की."

"आमच्यात कसं? आमी चौघं. तुझं वेगळं झालं त्याला वरीस हुईल आता." त्यानं तिला दंडाला धरून उठवलं, गोठ्यात नेऊन बसवलं आणि परत येऊन जेवला. साहेबाला सांगितलेलं खोटं त्याला स्वतःलाच इतकं पटलं होतं, की घास काही अडकला नाही.

सकाळी रंगुबाई पुन्हा चावडीवर उभी. "चुकलं माझं भाऊसाहेब. मला कुनी न्हाई. नाव घाला परत." जे साहेबापुढं तोंडातून निघत नव्हतं, ते आज न अडखळता निघालं.

तलाठी तसा वाईट माणूस नव्हता. त्यानं अर्जाची नक्कल काढून तिच्यापुढं धरली. "अर्ज कालच तालुक्याला गेला, आजी. मुलगा आहे, कमावता आहे, मला सांभाळतो, असं तुम्हीच लिहून दिलंय. आता तुम्ही निराधार कशा?"

रंगुबाईला अक्षर ओळखू येत नव्हतं. तरी ती त्या कागदाकडं बराच वेळ बघत राहिली.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "ह्यो कागद येकदा बन्शाला वाचून दावता का?"