आबांचं मत आणि चौकचा माणूस

मी खेळ खेळते हे सांगताना माझी जीभ अजूनही जरा अडखळते. पत्ते नाहीत, कॅरम नाही. लॅपटॉपवरचा, अंतराळातला, ग्रह बळकावायचा खेळ. वय चाळिशीच्या पुढे, खालापूर तालुक्यातल्या एका गावात सासर, दिवसभर घरी बसून पनवेलच्या एका ऑफिसचे हिशेब, आणि संध्याकाळी काम मिटलं की चहाचा कप घेऊन मी एका साम्राज्याची मालकीण. माहेरच्यांना हे ठाऊक नाही. सासरच्यांना ठाऊक आहे, कारण भिंतीला कान असोत नसोत, आमच्या घराला दारं कमी आहेत.

हा खेळ पाळीपाळीचा. कुठल्या ग्रहावर काय बांधायचं, कुठलं जहाज कुठं धाडायचं, कुणाशी तह करायचा हे निवांत ठरवायचं आणि मग बटण दाबायचं. त्यानंतर बाकीचे आपापली चाल करतात. तुम्ही बटण दाबत नाही तोवर सगळं विश्व जागच्या जागी उभं. माझ्यासाठी एवढं थांबून राहणारं या घरात दुसरं काही नव्हतं, कुकरसुद्धा नाही. म्हणून तो मला आवडायचा.

या खेळाच्या मराठी खेळाडूंचा फोनवर एक गट आहे. तिथं खेळण्यापेक्षा भांडण जास्त. नवी आवृत्ती आली तेव्हा तर रोज रणधुमाळी. एकजण म्हणे, पहिला अर्धा डाव अमृत आहे आणि उरलेला नुसती बटणं दाबायची हमाली. दुसरा म्हणे, संगणकाच्या बाजूचे राजे चोर आहेत, त्यांना फुकटात जहाजं मिळतात. तिसऱ्याला लढाया आपोआप होतात याचा राग, चौथ्याला त्याचाच आनंद. मीही लांबलचक मत लिहिलं होतं. ते सगळ्यांना इतकं आवडलं की गटाच्या माथ्यावर चिकटवून ठेवलं. तिथं कुणीच खरं नाव लावत नाही. कुठं राहता असं कुणीतरी विचारलं तेव्हा मी लिहिलं, ‘मुंबईजवळ’. खोटं नव्हतं, पण खरं सांगायची लाज होती, हे मला तेव्हाच कळत होतं.

आबा म्हणजे माझे सासरे. गुडघे गेल्यापासून त्यांचं शेत सुटलं. सासूबाई जाऊन काही वर्षं झाली. घरात आता फरशी कुठली घ्यायची, बोअर कुठं मारायची, गाडी कधी बदलायची, हे मी आणि नवरा ठरवतो आणि आबांना नंतर कळवतो. वाईट हेतूनं नव्हे, सवयीनं. ते “बरं बरं” म्हणतात आणि पडवीत जाऊन बसतात. एका संध्याकाळी ते माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, “ह्ये गोल गोल काय हाय गं?” मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. टीव्हीवरची मालिका त्यांना झेपायची नाही, माणसं भराभर बोलतात म्हणून. हा खेळ त्यांच्या वेगानं चालायचा. महिनाभरात मी त्यांना त्यांचा वेगळा डाव मांडून दिला.

खेळाडू म्हणून आबा अगदी सुमार. कुणावर चाल करून जायचं नाही, एक चांगला हिरवा ग्रह मात्र मोकळा ठेवायचा. का, तर “ऱ्हाऊ दे, पुढं लागंल.” मग एक दिवस पालीसारखी तोंडं असलेल्या परग्रहवाल्यांनी तो ग्रह घेतला. आबा असे चिडले की जेवताना दोन घास कमी खाल्ले. त्या ग्रहावर नुसती चौकी बसवली असती तरी तो त्यांचा राहिला असता. हे मी त्यांना कितीदा सांगितलं होतं, पण ऐकतील तर शपथ.

त्यानंतरच्या रविवारी मी बिरड्यासाठी वाल सोलत बसले होते. आबा समोर येऊन बसले आणि म्हणाले, “तुमचा तो गट हाय ना, तिथं माझं पण मत लिही.”

मी हात पुसले आणि फोन घेतला. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. “खेळ बरा हाय. पन रिकामं दिसलं म्हंजे कुनाचं नाय, असं नसतं. माझा ग्रह मी ठेवलेला व्हता. घेनाऱ्यानं इचारायला पायजे व्हतं.” मग त्यांच्या चुलत्याची विहीर आली, त्या विहिरीवरून झालेलं भांडण आलं, कुणाचा तरी बैल आला. शेवटी, “संगणकाला म्हनावं, शेजारी म्हनून नीट वाग.” पाच चांदण्यांपैकी त्यांनी दोन दिल्या आणि समाधानानं मिशीवरून हात फिरवला.

मत काही फार थोर नव्हतं. अर्धं तर चुकीचंच, चौकीचं बटण त्यांनी कधी दाबलंच नव्हतं. पण गटात याहून फालतू मतं रोज पडतात. मला कशाची लाज वाटली ते मी नीट सांगते: त्या बैलाची. ‘मुंबईजवळ’ राहणाऱ्या, माथ्यावर मत चिकटवलेल्या बाईच्या नावाखाली तो बैल आणि ती विहीर गेली असती, आणि कुणीतरी हसरी तोंडं टाकली असती. मी मजकूर पुसला. आबांना म्हटलं, “टाकलं.”

एवढ्यावर भागलं असतं. पण तासाभरानं त्यांनी विचारलं, “कोन काय बोल्लं का?”

“एकजण बोलला. छान लिहिलंय म्हणाला.”

“कुठला हाय तो?”

आमच्या भागात माणूस भेटला की आधी गाव विचारतात, नाव नंतर. हे मला कळायला हवं होतं. दिल्ली म्हणायचं, अमेरिका म्हणायचं. पण सकाळीच भाजी आणायला चौकला जाऊन आले होते, तेच तोंडात आलं. “चौकचा.”

आबांचा चेहरा जो उजळला! चौक हे गाव आमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. “चौकचा? कुनाच्यातला?” नाव कुणी लावत नाही, मी म्हटलं. काय करतो? गॅरेज आहे त्याचं, मी म्हटलं. हायवेच्या त्या पट्ट्यात गॅरेजं इतकी आहेत की एखादं जास्त असलं तरी कुणाला कळणार नाही, असा माझा अंदाज.

तिथून शेपूट वाढत गेलं. रोज संध्याकाळी डाव झाला की आबा त्या माणसासाठी काहीतरी सांगायचे आणि मी ते ‘लिहायची’. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर ‘यायचं’. त्याचाही ग्रह एकदा असाच गेला होता. त्यालाही वाटायचं की खेळात विचारपूस नाही. त्यानं आबांना विचारलं, विहिरीचं पुढं काय झालं? हा प्रश्न मी का घातला कोण जाणे. पण आबांनी त्यावर दोन संध्याकाळी बोलून काढल्या आणि मी ऐकत बसले, कारण उत्तर मलाच रचायचं होतं. खरं सांगायचं तर मला तो चौकवाला जमायला लागला होता. माझ्यापेक्षा तो स्वभावानं बरा होता.

आबा बदलले हे मात्र खरं. सकाळी दाढी करायला लागले. आमचं सुटलेलं शेत खंडानं, म्हणजे भाड्यानं, मागायला एक नर्सरीवाला आला तेव्हा पडवीतून उठून आत आले आणि आपलं म्हणणं मांडलं. माझा नवरा माझ्याकडे बघतच राहिला. मी मान खाली घालून पोळ्या लाटत होते.

थंडी पडली, शेंगा भरल्या आणि घरात पोपटीचं ठरलं. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा, हे आमच्याकडे दर हिवाळ्याचं. आबा म्हणाले, “त्या चौकच्याला सांग, पोपटीला ये म्हनावं.”

“सांगते,” मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की त्याला यायचं होतं पण काम आहे, एका ट्रकचं इंजिन खोललंय. आबा म्हणाले, “कामाचा मानूस हाय,” आणि ते प्रकरण तिथंच मिटलं असं मी मानलं.

पोपटी छान झाली. मडक्यावर पाणी शिंपडून, चर्र झालेलं ऐकून, ती उतरवायची वेळ झाल्याचा निकाल आबांनीच दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळीला गेले असताना त्यांनी झाकून ठेवलेल्या शेंगा, बटाटे आणि अंडी डब्यात भरली आणि कामाला निघालेल्या माझ्या नवऱ्याच्या हातात डबा दिला. तो रोज चौकवरूनच जातो.

त्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसचं काम उघडून बसले होते. “तुझ्या ओळखीचा तो गॅरेजवाला नक्की कुठला? दोन-तीन ठिकाणी विचारलं, आबांचं नाव सांगितलं, सगळे माझ्याकडे वेड्यासारखे बघतायत.”

मी त्याला सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक बारीक होत गेला.  मग तो म्हणाला, “म्हणजे एवढे दिवस आबा कुणाशी बोलत होते?” आणि लगेच तो म्हणाला, “डब्याचं बघतो मी काहीतरी,” आणि फोन ठेवला. त्यानं ते कंपनीत जाऊन खाल्लं, हे मला संध्याकाळी कळलं.

संध्याकाळी तो घरी आला, आबा पडवीत वाटच बघत होते. “काय म्हनला?” नवऱ्याला खोटं बोलता येत नाही, तो चपला काढत राहिला आणि म्हणाला, “आवडलं त्याला.” आबांनी डबा हातात घेतला. हलका लागला म्हणून झाकण उघडलं. डबा स्वच्छ धुतलेला होता आणि आत काही नव्हतं.

आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर, एखादं लिंबू, दोन मिरच्या, पण काहीतरी घालूनच भांडं परत जातं. हे माझ्या नवऱ्याला ठाऊक आहे, मलाही आहे. शेजारची वाटी मी कधी रिकामी दिलेली नाही. पण आम्हा दोघांच्या लेखी तो माणूस नव्हताच, त्यामुळे त्याच्याकडून काही यायला हवं हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आबांनी झाकण लावलं. “नसंल आवडलं,” एवढंच म्हणाले. डबा स्वतःच नेऊन ओट्यावर ठेवला.

त्यानंतर ते खेळायला बसले नाहीत. मी बोलावलं तर म्हणायचे, डोळे दुखतात. दाढीचे खुंट वाढले. नर्सरीवाला परत आला तेव्हा म्हणाले, पोराशी बोल. चौकच्याचा निरोप आलाय असं मी एकदा म्हणून बघितलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. नसलेल्या माणसानं माझ्या सासऱ्यांचा अपमान केला होता आणि तो भरून काढायला मी त्यालाच पुढं करत होते. मला माझीच किळस आली.

मग एका संध्याकाळी, मी डाव उघडून नुसतीच बसले होते, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “माझं मत काढून टाक गं तिथनं. उगाच लोकांत हसं नको. मी आपला शेतकरी मानूस, मला काय कळतंय त्यातलं.”

काढलं, असं म्हणणं किती सोपं होतं. टाकलं म्हणाले होते तसंच. ओठांवर आलंही होतं. पण ते दाराची चौकट धरून उभे होते, आणि त्यांच्यापायी वाटलेली जी लाज मी लपवत होते ती आता त्यांना स्वतःची वाटायला लागली होती. ती माझ्याच हातानं त्यांच्या अंगावर गेली होती. मला रडू आलं, रागही आला, आणि मी एका दमात बोलून टाकलं.

“आबा, ते तिथं नाहीच आहे. मी टाकलंच नव्हतं.”

ते आत आले आणि खुर्चीवर बसले. “का गं?”

“लाज वाटली. लोक हसतील म्हणून. तुम्हाला नाही, मला हसतील म्हणून.”

“आन् चौकचा?”

“तोही नाही. गॅरेज नाही, काही नाही. ते सगळं मीच बोलत होते.”

मला वाटलं ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते लॅपटॉपकडे बघत राहिले, तिथं माझे ग्रह माझ्या बटणाची वाट बघत थांबले होते.

“इहिरीचं तूच इचारलंस?”

“हो.”

“ट्रकचं इंजिन?”

“तेही मीच.”

त्यांनी मान हलवली. आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. “मंग तसंच बोलायचं व्हतंस ना गं,” ते म्हणाले, “मी हितं बाजूलाच तर बसलेलो व्हतो.”