कडब्याखालचं तेल

नवऱ्यानं मरण्याआधी विणलेलं शेवटचं घोंगडं खांद्यावर टाकून मायाक्का सोलापूरच्या बाजाराला निघाली, तेव्हा बहात्तरच्या दुष्काळात तिची निम्मी मेंढरं गेली होती. उरलेली घेऊन ती होटगीजवळच्या माळावर येऊन राहिली होती. घोंगडं विकायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण मेंढरं उपाशी होती.

शहराच्या तोंडाशी जकात नाका होता. तिथल्या मानसिंग कारकुनानं तिला अडवलं.

"विकायला चाललीस? जकात काढ."

"विकून येते की दादा, मग देते. आत्ता जवळ दमडी न्हाय."

"मग घोंगडं हितं ठेव. पैसे आण आन् ने."

तेवढ्यात शुक्रवार पेठेतल्या बसलिंगप्पा व्यापाऱ्याचा ट्रक आला, कडब्यानं शिगोशीग भरलेला. दुष्काळ म्हणून कडब्यावरची जकात माफ होती. मानसिंगनं ट्रककडे नीट पाहिलंसुद्धा नाही. आडवा दोर सोडला आणि हसून हात केला.

दुसऱ्या दिवशी मायाक्का एक मेंढी पडेल भावात विकून पैसे घेऊन आली. घोंगडं मानसिंगच्या खुर्चीवर अंथरलेलं होतं.

"उशीर केलास. जप्त झालं ते," असं म्हणत तो तिच्यासमोर त्यावर ऐसपैस बसला.

मायाक्का पैसे कनवटीला खोचून माघारी फिरली. पण त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. रोज ती मेंढरं नाक्याच्या अंगानं हाकायची आणि त्या खुर्चीकडे बघून दातओठ खायची. डोक्यावर चार कोंबड्या आणणाऱ्या बाईला तो थांबवायचा, मडकी आणणाऱ्या कुंभाराला थांबवायचा. बसलिंगप्पाचा ट्रक मात्र सुसाट जायचा.

एकदा त्या ट्रकमधून थोडा कडबा रस्त्यावर सांडला. भुकेली मेंढरं धावली, हुंगली आणि मागं सरली. मायाक्कानं एक धाट उचललं. बोटं तेलकट झाली. शेंगतेलाचा वास होता. ती जागच्या जागी उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी हसली.

पुढचा ट्रक आला तो भर दुपारी. नाक्यावर गाड्यांची रांग होती. मायाक्कानं सगळा कळप रस्त्यात घातला. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, शिव्या देऊन थकला. तोवर ती मागून ट्रकवर चढली होती. कोयत्यानं तिनं दोरखंड तोडले आणि पेंढ्या खाली लोटायला लागली. वरचा कोरडा कडबा मेंढरांनी अधाशासारखा ओढला. खालून तेलाचे डबे उन्हात लखलखले.

"बगा रं सगळ्यांनी!" ती वरून ओरडली. "कोंबडीवर जकात, मडक्यावर जकात, माज्या घोंगड्यावर जकात! आन् व्यापाऱ्याचं तेल फुकट! घे की मानसिंग, आता घे जकात!"

मानसिंग हात जोडायला लागला. "खाली उतर बाई. तुजं घोंगडं देतो."

"तू बसलास त्याच्यावर. आता तुलाच लखलाभ."

रांगेतल्या लोकांनी ट्रकला गराडा घातला. जकातीचा साहेब जीप घेऊन येईपर्यंत कुणी हललं नाही. बसलिंगप्पाला बोलावून आणलं, चारचौघांत दंड भरायला लावला. मानसिंगला घरी बसवलं. तो मान खाली घालून गेला, तेव्हा मायाक्का वाटेतच उभी होती. तिला त्याचं तोंड बघायचं होतं. त्या रात्री ती पोटभर जेवली.

पण महिना गेला नाही तोच नवा हुकूम आला. माफीचा गैरफायदा घेतला जातो, सबब कडब्यावर पुन्हा जकात. दुसऱ्याच दिवशी हरिबा माळावर आला. शहरात दोन म्हशी राखून तो पोट भरायचा आणि बैलगाडीनं कडबा न्यायचा.

"मायाक्का, तुजा सूड झाला. पर भरायचं आमीच की."

तिला कानफटात बसल्यासारखं झालं. चोरी बसलिंगप्पाची, आणि शिक्षा हरिबाच्या म्हशींना! पश्चात्ताप मात्र तिला शिवला नाही. राग होता तो दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कळप थेट शुक्रवार पेठेत नेला आणि बसलिंगप्पाच्या दुकानापुढं बसवला. मेंढरं पायरीवर चढली, गिऱ्हाइकं माघारी फिरली.

"काय पायजे तुला?" बसलिंगप्पा किंचाळला.

"माफी तुज्यामुळं गेली. हरिबाची जकात तू भर."

"मी का म्हणून भरू?"

"मग बस बगत."

दुपारपर्यंत पेठ जमा झाली. लोक हसत होते, बसलिंगप्पा घामाघूम झाला होता. शेवटी त्यानं हरिबाच्या त्या दिवशीच्या गाडीची जकात दिली. तेवढ्या एकाच गाडीची. मग पोलीस आले आणि काठ्या आपटत त्यांनी कळप पेठेबाहेर काढला.

माफी परत आली नाही. पुढं मायाक्का मेंढरं घेऊन माळशिरसकडे गेली. जाताना हरिबानं विचारलं, "एवढं करून मिळालं काय गं?"

"बसलिंगप्पानं खिशात हात घातला, ते म्या डोळ्यानं बघितलं," ती म्हणाली. "लई झाक वाटलं. अजून एकदा बघायचं व्हतं."