चोरून खाल्लेली मेथी आणि माझा डावा कान

कोल्हापुरात माणसं घरच्यांच्या नकळत मटण खायला जातात. मी मेथी खायला जायची.

माझं वय तेव्हा एकावन्न. मुलगी लग्नाला आलेली, गुडघे कुरकुरायला लागलेले, आणि मी शेजारच्या शांताक्कांच्या स्वयंपाकघरात दाराआड पाटावर बसून मेथीची भाजी घशाखाली ढकलतेय. हे कशासाठी, ते सांगायचं तर आधी कान सांगायला हवा.

लग्नात मला सासरकडून सोन्याचे झुबे मिळाले होते. चांगले जड. अशा झुब्यांना वेल लावून त्यांचं वजन केसांत अडकवायचं असतं. पण वेल लावला की झुबे हलत नाहीत, आणि हलायचे नसतील तर घालायचे कशाला, असा माझा त्या वयातला विचार. (त्या वयात मी बराच विचार करायची. सगळा ह्याच दर्जाचा.) पंचवीस वर्षं मी ते झुबे हलवले. डाव्या पाळीचं भोक ओघळलं, त्याची फट झाली, आणि एक दिवस टॉवेलनं तोंड पुसताना फट पार खालपर्यंत गेली. पाळीची दोन टोकं दोन दिशांना.

तरी मी चार वर्षं केस पुढे ओढून निभावलं. मग २००३ साली वैशालीचं लग्न ठरलं. मुहूर्त माघातला. बोलणी करायला आलेल्या विहीणबाई तासभर माझ्याशी गोड बोलल्या, आणि तासभर माझ्या डाव्या कानाकडे बघत बोलल्या. त्या गेल्यावर मी ह्यांना म्हणाले, "मी कान शिवून घेणार."

"का? ऐकायला येईना झालंय?"

"दिसायला बरा दिसेना झालाय."

"मग उजव्या अंगानं उभी ऱ्हा की," हे म्हणाले आणि दुकानात गेले. (भांड्यांचं दुकान. पोचा आलेलं पातेलं भिंतीकडे तोंड करून मांडायची सवय.)

शेवटी माझा हट्ट जिंकला आणि आम्ही प्लास्टिक सर्जनांकडे गेलो. त्यांनी कान बघितला, अर्ध्या तासाचं काम आहे म्हणाले, आणि विचारलं, "काही औषधं चालू आहेत?"

"विशेष काही नाही," मी म्हणाले.

हे खुर्चीतून उठलेच. "विशेष न्हाय? अगं, काळजात झडप हाय की तुझ्या!"

तर तेही सांगायला हवं. त्याच्या सात वर्षं आधी माझ्या हृदयातली एक झडप काढून तिथं धातूची बसवली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवायची एक गोळी. गोळी कमी पडली तर झडपेवर रक्ताची गाठ धरते, जास्त झाली तर रक्त वाहायचं थांबत नाही. म्हणून महिन्याला रक्त तपासून एक आकडा काढायचा; रक्त जितकं पातळ, तितका आकडा मोठा. माझा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहिला की डॉक्टर खूश. गोळीची जबाबदारी ह्यांची. हातावर गोळी ठेवायची आणि कॅलेंडरवर लाल फुली मारायची. दुकानाला कुलूप लावायला विसरतील, फुली मारायला नाही. असली गोळी मी 'विशेष काही नाही' मध्ये घातली होती, कारण माझ्या मते ती हृदयाची होती आणि आम्ही कानासाठी आलो होतो.

सर्जनांनी तिथूनच माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं दहा मिनिटं बोलले. निकाल असा: गोळी बंद करायची नाही, स्वतःच्या मनानं तर मुळीच नाही. काम छोटं आहे, गोळी चालू ठेवून होईल. फक्त आदल्या दिवशी आकडा मर्यादेत पाहिजे.

"आणि जेवण आहे तसंच ठेवा," सर्जन म्हणाले. "पालेभाज्यांनी ह्या गोळीचा जोर कमी होतो. एकदम वाढवायच्या नाहीत, एकदम सोडायच्या नाहीत. रोज खाता ना?"

"रोज," मी म्हणाले. तेव्हा तरी ते खरं होतं.

तिसऱ्या दिवशी गडहिंग्लजहून अव्वा आल्या. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. एरवी चातुर्मासात त्या मोठ्या दिरांकडे असायच्या. त्या वर्षी लग्नघर म्हणून आमच्याकडे. आम्ही जैन. पावसाळ्यात पाल्यावर बारीक जीव असतात, म्हणून चातुर्मासात पालेभाजी बंद. मी पर्युषण पर्वाचे दहा दिवस कडक पाळायची आणि उरलेले महिने सोयीनं विसरायची. अव्वा विसरणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पायावर पाणी घेतलं आणि आधी भाजीची टोपली बघितली.

"ही मेथी कुणासाठी आणलीयास, पद्मे?"

"गाईसाठी," मी म्हणाले.

गाय गल्लीच्या तोंडाशीच होती. माझ्या डोळ्यांदेखत तिनं दोन पेंढ्या संपवल्या.

घरात दोडका, गवार, मूग, मटकी सुरू झालं. डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं का? आठवलं. पण ते जेवण आणि हा धर्म, अशी मी डोक्यात दोन कपाटं केली आणि दोन्हीला कड्या लावल्या. शिवाय अव्वांना कानाचं मुळातच पटलेलं नव्हतं. "पन्नाशीला आलीस, आता कान शिवून कुणाला दावायचा हाय?" असं त्या दिवसातून एकदा तरी विचारायच्या. अशा बाईकडे कान सुंदर व्हावा म्हणून पालक मागायचा? त्यापेक्षा मी झडप परत केली असती.

तीन आठवड्यांनी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं. दाराची कडी कोपराला लागली तर तिथं वांग्याएवढा जांभळा डाग. तपासणीत आकडा पाचाच्या वर. कान रद्द.

"खाण्यात काही बदल?" हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"असा आकडा चढतो तेव्हा बहुतेक वेळा पालेभाजी सुटलेली असते," ते स्वतःशीच म्हणाले. मी पंख्याकडे बघत राहिले. दोन दिवस गोळी थांबवा, मग पहिल्यासारखी चालू करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा या, असं त्यांनी लिहून दिलं.

इथं शहाण्या बाईनं तोंड उघडलं असतं. मी उघडलं, पण शांताक्कांच्या स्वयंपाकघरात. पालेभाजी सोडून आकडा चढला, तर खाऊन उतरेल. डॉक्टर तरी आणखी काय शिकलेले असतात? शांताक्का लिंगायत, घर शाकाहारी, म्हणजे भांड्यांचाही प्रश्न नव्हता. मी सकाळी विरजण मागायला जायची आणि संध्याकाळी वाटी परत द्यायला. दोन्ही वेळा ताटलीभर. मेथी, पालक, करडई, पोकळा. तीन आठवड्यांचा बॅकलॉग भरून काढायचा होता.

"हळू खावा," शांताक्का म्हणायच्या. "कोण हिसकावून घेत न्हाय. डाक्टरनी सांगितलंय न्हवं ह्ये?"

"जवळजवळ," मी म्हणायची.

एकदा त्यांनी शेपू केला. शेपू खाऊन चोरी करता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. वेलदोडे चावत घरी आले, तर अव्वा जपमाळ थांबवून म्हणाल्या, "शेपूचा वास येतोय."

"शेजारी केलाय."

"व्हय, पण तू आत आल्यावर कसा आला?"

"वारं आलं माझ्याबरोबर."

दोन आठवड्यांनी रक्त दिलं. संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यातून फोन: ताबडतोब या. आम्ही निघालो, तर अव्वाही रिक्षात बसल्या. ह्यांच्या काखेत भिंतीवरचं कॅलेंडर, गुंडाळी करून.

"एक पूर्णांक चार," डॉक्टर म्हणाले. "झडप बंद पडायची वेळ आणलीय तुम्ही. गोळ्या चुकल्यात."

ह्यांनी टेबलावर कॅलेंडर उलगडलं. "तुम्ही थांबवा म्हणालासा ते दोन दिवस सोडून एक फुली चुकलेली दावा, डॉक्टर."

"फुल्या दिसतायत. गोळ्या पोटात गेल्या का?"

हे माझ्याकडे वळले. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली होती, पण असा चेहरा मी बघितला नव्हता. "अगं, तोंडात धरून बाहेर थुकत न्हवतीस न्हवं?"

"नाही हो."

"खाण्यात बदल?" डॉक्टरांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत अव्वा बोलल्या. "न्हाय बगा. आमच्या घरात आषाढापास्नं पालेभाजी आली न्हाय." आवाजात अभिमान होता.

डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "मग आकडा उतरायचं कारणच नाही. ठीक आहे, डोस वाढवतो. दीडपट." आणि त्यांनी पेन उघडलं.

पेन कागदाला लागलं आणि माझ्या डोळ्यांसमोर कोपरावरचा तो जांभळा डाग आला. तो साध्या डोसावर आला होता. दीडपट गोळी घेऊन मी दोडक्यावर परत गेले तर माघापर्यंत काय उरेल? लग्नात विहीणबाई कान बघणार नाहीत, हार घातलेला फोटो बघतील. एका बाजूला झडप, दुसऱ्या बाजूला अव्वा. खरं सांगते, निर्णय घ्यायला मला वेळ लागला.

"डॉक्टर, मेथी," मी म्हणाले.

"काय मेथी?"

"खातेय मी. रोज दोन वेळा. शेजारी."

"शेजारी?" हे म्हणाले. बायको पळून गेल्यावर माणूस ज्या आवाजात म्हणेल त्या आवाजात.

डॉक्टरांनी पेन मिटलं. मग ते जे बोलले ते मी इथं लिहीत नाही, नातवंडं वाचतात. थोडक्यात असं, की माझ्या एका 'नाही'वर त्यांनी एकदा गोळी थांबवली आणि दुसऱ्या 'नाही'वर ते डोस वाढवणार होते, आणि तो मी वाचवत असलेला कान शवागारात फार शोभला असता.

मग अव्वांनी विचारलं.

"किती दिवस खातीयास?"

"तेरा."

"मेथीच?"

"शेपूपण. एकदाच."

"म्हंजे त्यो वास तुजाच." त्या डॉक्टरांकडे वळल्या. "हिला रोज किती भाजी लागती, ते सांगा."

"एक वाटी. पण रोज तेवढीच."

"आणि नेम, अव्वा?" मी हळूच विचारलं.

"आजाऱ्याला सूट असती की. एवढंबी ठावं न्हाय तुला? माज्या कावीळीत मी बी खाल्लंय. इचारलंस का एकदा तरी मला?"

नव्हतं विचारलं. तेरा दिवस ताटल्या पुसून खाल्ल्या, पण एक प्रश्न विचारायला मला जमलं नव्हतं.

आकडा वर येईपर्यंत पोटात इंजेक्शनं घ्यावी लागली, दिवसाला दोन. (कानासाठी. पोटात.) माझी भाजी अव्वांनी ताब्यात घेतली. सकाळच्या उन्हात बसून एकेक पान उलटसुलट बघायच्या, तासभर निवडायच्या, वाटीत दाबून मोजायच्या आणि मी खाईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत. त्या भाजीसारखी बेचव भाजी मी आजवर खाल्लेली नाही. आकडा मात्र दोन पूर्णांक आठवर आला आणि तिथंच बसला. त्यालाही अव्वांची भीती वाटली असावी.

अश्विनात कान शिवला. गोळी चालू ठेवून, पंचवीस मिनिटांत. थोडं जास्त रक्त आलं, सर्जनांनी बोटानं दाबून धरलं, थांबलं. पौषात नवं भोक पाडून दिलं आणि जड काही घालायचं नाही अशी ताकीद दिली. झुबे वैशालीला गेले. (वेलासकट.)

माघात लग्न झालं. हलक्या मोत्याच्या कुड्या घालून मी आरशात एवढा वेळ उभी राहिले, की वैशालीनं विचारलं, "आई, लग्न माझं आहे ना?" इतक्यात अव्वा आल्या. नवरीच्या आईनं मांडवात उघड्या डोक्यानं फिरायचं नसतं म्हणाल्या, पदर माझ्या डोक्यावरून घेतला आणि घसरू नये म्हणून दोन्ही कानांवर पिना लावून घट्ट बसवला. तो रात्रीपर्यंत हलला नाही. विहीणबाईंनी काय बघायचं ते माझं नाक बघितलं.

परवा नात अल्बम चाळत होती. एकशेवीस फोटो, आणि आजीला कुठंच कान नाहीत, म्हणाली. मी म्हणाले, नीट बघ, जेवणाच्या पंगतीतल्या एका फोटोत पदर एका बाजूनं सरकलाय, तिथं दिसतो. तिला सापडला. छान दिसतोय म्हणाली.

तो उजवा आहे.