मी मऊ केलेलं बोलणं

पोलादपूरच्या ऑफिसात मी दोन माणसांच्या मधे बसायचे. डोंगरातल्या वाड्यांना झऱ्याचं पाणी पाइपने पोचवायचं आमचं काम. इंजिनिअर सर केरळचे, त्यांना मराठी येत नव्हतं. काकी आंबेनळी घाटाच्या वरच्या धनगरवाडीतल्या, त्यांना डोंगर पाठ होता, म्हणून प्रत्येक बैठकीला बोलावलेल्या. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून दुभाषी.

माझ्याआधी हे काम ड्रायव्हर करायचा. तो शिवीही गाळायचा नाही. एकदा सर म्हणाले, टाकीला कुंपण घालू. काकी म्हणाल्या, "मग माज्या म्हशी काय कुंपन पितील?" दोघं तासभर भांडले. शेवटी टाकीतून सांडणारं पाणी गुरांच्या डोणीत सोडायची युक्ती निघाली. आता प्रत्येक वाडी तशी डोण मागते.

मला मात्र चढलेले आवाज सहन होत नाहीत.

काकींच्याच वाडीच्या पाइपची बैठक होती. नकाशावरच्या सरळ रेषेवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "सांग त्यांना गो, ही उतरन दर पावसात सरकते. बुकातला डोंगर हलत नाय, हितला हलतो. पाइप वरनं फिरवून न्या."

मी सरांना सांगितलं, "त्या म्हणतात, तिथे जरा आधार लागेल."

सरांनी लगेच चार खांब वाढवले. काकींनी विचारलं, "काय म्हनाले?"

"तुमचं म्हणणं लक्षात घेतलंय."

बैठक दहा मिनिटांत आटोपली. मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

श्रावणात उतरण खाली आली, खांब आणि पाइपसकट. उन्हाळ्यात मी वाडीवर गेले तेव्हा काकी डोक्यावर दोन हंडे घेऊन झऱ्यावरून येत होत्या. म्हणाल्या, "त्यांनी ऐकलं नि तरी तिथनंच नेला. शिकलेली मानसं, आपन काय बोलनार?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी एक हंडा उतरवून घेतला, एवढंच.

त्यानंतर काकी बैठकीला यायच्या, दाराजवळ बसायच्या आणि काहीही विचारलं तरी "चालंल" म्हणायच्या. सरांचे नकाशे एकही रेघ न बदलता मंजूर होऊ लागले. डोणीसारखं काही पुन्हा निघालं नाही.

एकदा सरांनीच विचारलं, "त्या हल्ली भांडत का नाहीत?"

"थकल्या असतील," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वाडीचा नकाशा उघडला. तिथला उतार आम्ही दोघांनीही पाहिला नव्हता. काकी दाराजवळ बसल्या होत्या.